विश्लेषण : शाळेच्या वयात ऐकलेला अल्बम आयुष्यभर का पुरतो?

आमच्या घरी रविवारी सकाळी बरीच वर्षं एकच कॅसेट लागायची. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा १९९८ मधला 'गारवा'. कॅसेट निवडायचा हक्क बाबांचा आणि एक बाजू संपली की उठून ती उलटायचं काम माझं. सुरुवातीला मला ती अजिबात आवडत नव्हती. गाण्याआधीच्या कविता तर लांबण वाटायच्या. पण पाचवी-सहावीपर्यंत कुठली कविता संपली की कुठलं गाणं येणार हे पाठ झालं होतं आणि कॅसेट लागली नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं होतं.

अशी एखादी कॅसेट, सीडी किंवा मेमरी कार्डमधला फोल्डर जवळपास प्रत्येकाच्या लहानपणात असतो. गाण्याची गोडी तिथून लागते. तसं का होतं आणि आजच्या घरात ते अवघड का झालंय?

गाणी याच वयात का चिकटतात?

साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयातही जास्त आठवतात, असं मानसशास्त्रातल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पहिली मैत्री, पहिलं प्रेम, पहिल्यांदा घर सोडणं हे सगळं याच काळात घडतं आणि त्या वेळची गाणी त्याला चिकटून राहतात.

दुसरं कारण सवयीचं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ ओळखीमुळेही ती आवडू लागते. घरात मोजक्याच कॅसेट असल्या की ही ओळख आपोआप होते.

मग आई-बाबांची गाणी आपली कशी होतात?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचा २०१३ मधला अभ्यास इथे कामाचा आहे. विशीतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी गेल्या पाच दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली, यात नवल नाही. पण आई-वडील तरुण असतानाच्या काळातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी ठळकपणे जोडलेल्या निघाल्या. म्हणजे घरात वाजणारं गाणं एका पिढीकडून दुसरीकडे जातं. अट एकच, ते घरात सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे.

अल्बममध्ये वेगळं काय असतं?

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांचं एक गाणं मावायचं. अशा अनेक तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड वहीत ठेवून विकल्या जायच्या, त्यावरून 'अल्बम' हा शब्द आला. १९४८ मध्ये एलपी आली, पुढे कॅसेट आली आणि गाण्यांना ठरलेला क्रम मिळाला.

हा क्रम ऐकणाऱ्याने निवडलेला नसतो, आणि माझ्या मते अल्बमची खरी ताकद इथेच आहे. कॅसेटमध्ये नावडतं गाणं ओलांडायचं तर फॉरवर्डचं बटण दाबून अंदाजाने थांबावं लागायचं, आणि अंदाज हमखास चुकायचा. त्यापेक्षा ते ऐकलेलं परवडायचं. दहाव्या-पंधराव्या वेळी दुसऱ्या बाजूचं तेच संथ गाणं अचानक उलगडायचं. ज्याला आधी नाक मुरडलं ते आवडू लागलं, की कान तयार व्हायला लागला म्हणून समजावं.

आपल्याकडे याचं सर्वांत मोठं उदाहरण कॅसेटच्याही आधीचं आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आलं. ५६ गाणी, आठवड्याला एक. पुढचं गाणं कुठलं हे ठरवणं श्रोत्यांच्या हातात नव्हतं, तरी घराघरांत वाट पाहिली जायची.

मोबाइलने काय बदललं?

माझ्या पिढीने मधला टप्पाही पाहिला. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत चार मिनिटांचं गाणं चारेक एमबीचं होतं, म्हणजे २ जीबीच्या कार्डात सुमारे ५०० गाणी. मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून मिळायचं. २०१० मध्ये आलेल्या अजय-अतुल यांच्या 'नटरंग'ची गाणी कित्येकांकडे अशीच पोहोचली. फोनच्या स्पीकरवर ती सगळ्या बसला ऐकू जायची.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. आता हवं ते गाणं क्षणात मिळतं. पण स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की गाणं 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. त्याआधीच ऐकणारा निसटू नये म्हणून सुरुवातीलाच पकडून ठेवणाऱ्या चालींना महत्त्व येतं. अल्गोरिदम आपल्याला आवडलेल्यासारखंच आणखी सुचवतो. आणि इअरफोनमुळे एका घरातली चार माणसं चार वेगळी गाणी ऐकतात. मुलीच्या कानात काय चाललंय हे आईला कळत नाही आणि आईचं आवडतं गाणं मुलीपर्यंत जात नाही.

म्हणजे जुनं तेच सोनं?

नाही. कॅसेटच्या काळात कोणाचं गाणं बाजारात येणार हे मूठभर कंपन्या ठरवायच्या. आज गावातला मुलगाही स्वतःचं गाणं जगभर पोहोचवू शकतो. आमच्या भरलेल्या मेमरी कार्डातून गायक-संगीतकारांना एक रुपयाही मिळत नव्हता, हेही मान्य करायला हवं. आजच्या मुलांना गाणं कळत नाही हा आरोप तर खोटाच आहे. त्यांना न निवडलेलं गाणं ऐकायची संधी कमी मिळते, एवढंच माझं म्हणणं आहे.

करायचं काय?

आठवड्यातून एकदा, जेवताना किंवा घर आवरताना, एक अल्बम स्पीकरवर लावा. शफल बंद ठेवा आणि गाणी पुढे ढकलू नका. एका आठवड्यात निवड आई-बाबांची, पुढच्या आठवड्यात मुलांची. मुलांचं रॅप कानाला टोचलं तरी शेवटपर्यंत ऐका. नियम दोन्ही बाजूंना सारखा.

माळ्यावर कॅसेट असतील तर त्या आत्ताच काढा. दमट हवेत टेपला बुरशी लागते आणि त्यातलं सगळंच ऑनलाइन सापडत नाही. चालू कॅसेट प्लेअर केबलने लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करता येतं. तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो आणि मूळ दर्जाची वेव्ह फाइल साधारण ६०० एमबीची होते. घाई करता येत नाही, तेव्हा तो तास घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन बसा. अर्ध्या तासाने कॅसेट उलटायला कुणीतरी लागणारच आहे.