हार कोणाला घालायचा?

मुंबईची अखेरची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी हारतुऱ्यांनिशी निवृत्त झाली आणि आपले ललितलेखक वरच्या मजल्यावरील पुढच्या बाकाच्या आठवणीने गहिवरले. या इतिहासाचा गाभा मात्र मालकीत आहे. १८७३ ची ट्राम कंपनी नफ्यासाठी निघाली. १९२६ ची पहिली बसही खासगी कंपनीचीच. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेने हा कारभार हाती घेतला आणि प्रवास ही नागरी सेवा झाली. आज ‘बेस्ट’च्या नावाने धावणाऱ्या बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांच्या आहेत, त्यांचे चालकही कंत्राटदारांचेच. या स्थित्यंतरावर ललित लेख कितीसे निघाले? पत्र्यासाठी डोळे पुसणाऱ्या स्मरणरंजनाला चालकाच्या आसनावरचा माणूस दिसत नसेल, तर समीक्षेने त्याची कानउघाडणी केलीच पाहिजे.