क्लब हवा की मैदान?

जबलपूरच्या राइट टाऊनमधल्या एखाद्या मराठी घरातली रविवारची सकाळ डोळ्यांपुढे आणा. आयुध निर्माणीतून काही वर्षांपूर्वी निवृत्त झालेले आजोबा चष्मा पुसून एक अर्ज वाचत बसले आहेत. जुन्या सहकाऱ्याने गोल्फ क्लबच्या सभासदत्वाचा अर्ज आणून दिला आहे. तेरा वर्षांच्या नातीने टीव्हीवर अदिती अशोकला खेळताना पाहिले आणि तेव्हापासून गोल्फ शिकायचा हट्ट धरला आहे. साठवलेल्या पैशांतून तिच्यासाठी काही लाख बाजूला काढायची आजोबांची तयारी आहे. आजी म्हणतात, "एवढे पैसे बँकेत ठेवले तर व्याजात दर वर्षी एक यात्रा होईल." सूनबाई मात्र वेगळाच प्रश्न विचारतात, "बाबा, अर्जात 'कुटुंब' म्हणजे कोण कोण, ते वाचलंत का?"

आजोबा पुन्हा पहिल्या पानाकडे वळतात. कुटुंब म्हणजे सभासद, त्याची पत्नी आणि त्याच्यावर अवलंबून असलेली मुले. नातीचा उल्लेख कुठेच नाही. जिच्यासाठी हा सारा खटाटोप, तीच तिथे पाहुणी ठरणार!

हे घर कल्पनेतले असले तरी प्रश्न खरा आहे. गोल्फचा विचार करणारी बहुतेक कुटुंबे 'क्लब महाग, सार्वजनिक मैदान स्वस्त' एवढाच हिशेब मांडतात. पण क्लब आणि मैदान या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लब म्हणजे माणसांची निवड, मैदान म्हणजे खेळायची जागा. आपल्याला यातले नेमके काय हवे आहे, हे ठरल्याशिवाय धनादेशावर सही करू नये.

स्नूकर बाहेर पडला, गोल्फ का नाही?

जबलपूरकरांना हा फरक दुसऱ्या एका खेळाने दीडशे वर्षांपूर्वीच दाखवून दिला आहे. १८७५ साली इथल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर आणखी काही रंगीत चेंडू मांडले आणि एक नवा खेळ सुरू केला. तोच स्नूकर. पुढे १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले. जबलपूरचा नर्मदा क्लब ही आठवण आजही अभिमानाने सांगतो. पण ज्या शहरात हा खेळ जन्मला, तिथल्या सामान्य माणसाला त्या काळी तो पाहायलाही मिळाला नसेल. मेसचे दार त्याच्यासाठी नव्हतेच.

आज मात्र चित्र वेगळे आहे. स्नूकरचे टेबल एका खोलीत मावते. त्यामुळे गावोगावच्या पार्लरमध्ये तासाचे पैसे देऊन कोणीही खेळू शकतो. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी या खेळात जगज्जेता झाला. क्लबात जन्मलेला खेळ क्लबातून बाहेर पडला, तो असा.

गोल्फला हे जमले नाही, कारण गोल्फ खोलीत मावत नाही. १८ होलच्या मैदानाला साधारण शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. शिवाय रोजचे पाणी, गवताची निगा आणि माळ्यांचे पगार. शहरात एवढी जमीन असते कोणाकडे? जुन्या क्लबांकडे, लष्कराकडे किंवा सरकारकडे. म्हणून गोल्फमध्ये जमीन ज्याच्या हातात, दाराची किल्लीही त्याच्याच हातात.

जबलपुरात गोल्फ म्हटले की छावणीतले लष्कराचे हिरवेगार मैदान आठवते. अशा मैदानांवर पहिला हक्क अर्थातच लष्कराचा. नागरिकांना घ्यायचे का आणि कोणत्या अटींवर, हे तिथले व्यवस्थापन ठरवते. देशभरात लष्कराची अशी ९७ मैदाने असून त्यांखाली आठ हजार एकरांहून अधिक जमीन आहे, अशी नोंद महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात केली होती. सरकारी जमिनीवरच्या या मैदानांचे उत्पन्न सरकारी तिजोरीत का जमा होत नाही, असा आक्षेपही त्यात होता. ही मैदाने पर्यावरण राखण्यासाठी आणि प्रशिक्षणासाठी आहेत, अशी लष्कराची भूमिका राहिली आहे. वाद काहीही असो, नागरिकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा मैदानावर आपण खेळतो ते हक्काने नव्हे, परवानगीने. परवानगीचे नियम बदलूही शकतात.

गोल्फच्या पंढरीत काय आहे?

गोल्फ म्हणजे मुळातच बड्यांचा खेळ, असे आपण धरून चालतो. मग गोल्फच्या पंढरीकडे पाहा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे जगप्रसिद्ध जुने मैदान कोणत्याही क्लबच्या मालकीचे नाही. ते सार्वजनिक आहे. १९७४ च्या कायद्यानुसार एक विश्वस्त मंडळ त्याची व्यवस्था पाहते. शुल्क भरून आणि सोडतीत नाव लागले तर परदेशी पाहुणाही तिथे खेळू शकतो. रविवारी तर एरवी खेळच बंद असतो आणि गावातली माणसे मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन त्या हिरवळीवर फिरायला येतात.

त्याच मैदानाच्या कडेला 'रॉयल अँड एन्शंट' या बड्या क्लबची देखणी इमारत उभी आहे. या क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय घेतला तो थेट २०१४ मध्ये! म्हणजे कितीतरी वर्षे बाई समोरच्या मैदानावर खेळू शकत होती, पण क्लबची सभासद होऊ शकत नव्हती. क्लब आणि मैदान यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आपल्याकडेही हळूहळू वाट उघडली. दिल्लीत लाडो सरायला दिल्ली विकास प्राधिकरणाने २००० साली कुतुब गोल्फ कोर्स सुरू केला. देशातले हे पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान. नवी मुंबईत खारघरला सिडकोनेही सर्वांसाठी मैदान उभारले. नाशिकमध्ये तर उलटेच घडले. तिथे गोल्फ गेला, नाव राहिले. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात आणि तिथे रणजी करंडकाचे क्रिकेट सामने झाले आहेत.

हिशेब एकदा कागदावर मांडा

आता पैशांकडे वळू. खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत; आपल्या क्लबचे खरे आकडे त्यांच्या जागी घाला.

समजा, क्लबचे प्रवेश शुल्क ३ लाख रुपये आणि मासिक वर्गणी २ हजार रुपये आहे. दहा वर्षांत एकूण ५ लाख ४० हजार रुपये होतात. महिन्यातून दोनदा खेळणाऱ्याचे दहा वर्षांत २४० डाव होतील. म्हणजे एक डाव २,२५० रुपयांना पडला. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याला तोच डाव सुमारे ५२० रुपयांत पडतो. सार्वजनिक मैदानावर एका डावाचे शुल्क १ हजार रुपये धरले, तर आठवड्यातून एकदाहून थोडे अधिक, वर्षभर न चुकता खेळणाऱ्यालाच क्लब परवडतो. आजींनी सांगितलेले बँकेचे व्याज यात धरलेलेच नाही. ते धरले तर क्लब आणखी महाग पडतो.

मुंबई-पुण्यात पाऊस, जबलपुरात मे महिन्यातले ऊन, घरातली लग्नकार्ये, परीक्षा आणि आजारपणे. १८ होल खेळायला चार तास लागतात, हेही विसरू नका. इतकी सवड वर्षातून किती सकाळी मिळेल, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे मोजावे.

क्लबची बाजूही खरी आहे. ठरलेल्या वेळी खेळायला मिळते. ओळखीची माणसे भेटतात. निवृत्तीनंतर घरात एकटे पडलेल्या माणसाला सकाळी चार मित्र मिळणे ही काही छोटी गोष्ट नव्हे. आजोबांना तेच हवे असेल तर त्यासाठी पैसे मोजण्यात गैर काहीच नाही. फक्त ते नातीच्या नावावर मांडू नयेत.

अर्ज भरण्यापूर्वी हे विचारा

* कुटुंबात कोणाकोणाची गणना होते? मुलगा कितव्या वर्षापर्यंत, मुलगी लग्नानंतर काय, आणि नातवंडांचे काय?
* सभासदाच्या मृत्यूनंतर पत्नीचा हक्क राहतो का?
* प्रवेश शुल्क परत मिळते का? वर्गणीखेरीज दरमहा खाण्यापिण्याचा किमान खर्च सक्तीचा आहे का?
* मुलांना कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी मैदानावर येऊ देतात? प्रशिक्षक आहे का?
* सभासद न होता सरावाच्या जागेवर पैसे भरून शिकता येते का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अदिती अशोकच्या घरात कोणीच गोल्फ खेळत नव्हते. बंगळूरमध्ये मैदानाशेजारच्या उपाहारगृहात आईवडिलांबरोबर नाश्ता करताना पाच वर्षांच्या अदितीला खेळ दिसला आणि सगळ्यांनी मिळून तो करून पाहिला. सुरुवात झाली ती अशी, सभासदत्वाच्या अर्जाने नव्हे. टोकिओ ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, ती चौथी आली तेव्हा तिची बॅग वाहत होती तिची आई. आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्लीच्या क्लबातला कॅडी होता.

राइट टाऊनच्या त्या घरात आजोबांनी काय करावे? अर्ज फाडू नये आणि भरूही नये. कपाटात ठेवावा. आधी छावणीतल्या मैदानावर चौकशी करावी, की नागरिकांच्या मुलांना शिकायची सोय आहे का. सुटीत दिल्ली किंवा मुंबईला जाणे झाले, तर तिथल्या सार्वजनिक मैदानाच्या सरावाच्या जागेवर एक टोपली चेंडू घेऊन नातीला मारू द्यावेत. जुन्या वापरलेल्या दोन-तीन काठ्या सुरुवातीला पुरतात. सहा महिन्यांनंतरही ती पहाटे साडेपाचला स्वतःहून उठत असेल, तर कपाटातला अर्ज पुन्हा काढावा.

आणि तेव्हाही आधी उघडावे ते 'कुटुंब' हा शब्द असलेले पान.