डाळिंबांना आगगाडी, लेकरांना हेलपाटे!

२८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे सुटली, तेव्हा या दुष्काळी तालुक्याची मान अभिमानाने उंचावली. माणदेशाच्या रानात घाम गाळून पिकवलेले डाळिंब कलकत्त्याच्या वेशीवर जाऊन पोचावे, ही गोष्ट खचित कौतुकाची! परंतु याच तालुक्यातील एखादे तीन वर्षांचे लेकरू हाक मारली तरी वळून पाहत नसेल, बोट करून काही दाखवीत नसेल, शिकलेले शब्दही विसरत असेल, तर त्याला झाले आहे तरी काय, हे सांगणारा तज्ज्ञ गाठण्यासाठी आईबापांना एस्. टी.ने सुमारे ८० किलोमीटरवरचे सोलापूर, नाही तर त्याहून दूरचे पुणे गाठावे लागते. याला काय म्हणावे?

या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे आईच्या थंड वागणुकीवर तिचे खापर फोडले गेले. शास्त्राने तो आरोप केव्हाच निकालात काढला. मेंदूची घडणच निराळी असते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता सिद्ध झाले आहे. आमच्या ओसरीवर मात्र तो खटला अजून चालूच आहे! ‘आईचे लक्ष नाही’, ‘बापही उशिराच बोलला होता’, असे म्हणत वर्षामागून वर्षे दवडली जातात. आणि नेमकी तीच वर्षे मेंदू सर्वांत संस्कारक्षम असण्याची असतात.

निदान केले तर शिक्का बसेल, ही भीती आम्ही जाणतो. पण निदान टाळल्याने शिक्का टळतो काय? ‘हट्टी’, ‘वेडसर’, ‘मठ्ठ’ हे शिक्के गल्ली आणि शाळा मिळून फुकट मारीतच असतात. शास्त्रशुद्ध निदान हे त्या शिक्क्यांवरचे उत्तर आहे. ते रक्त तपासून होत नाही. मुलाला नीट ऐकू येते ना, हे आधी पाहावे लागते. तज्ज्ञाला त्याच्याशी खेळावे लागते, आईबापांकडून जन्मापासूनची हकीकत ऐकावी लागते. केंद्र सरकारने २०१६ साली मान्य केलेल्या भारतीय मापनपट्टीत ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण असतात. बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता नाही असे समजतात. १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत या मुलांना जागाच नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत ती दिली. परंतु प्रमाणपत्र हाती नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावीत, अशी योजना आहे. म्हणजे सरकारची नजर गावापर्यंत पोचू शकते. पोचत नाही तो हात! तज्ज्ञ तोकडे आहेत, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आमचे मागणे माफक आहे. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांचे एक पथक महिन्यातील ११ ठरलेल्या दिवशी एकेका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बसवावे आणि तिथेच मापन करून प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा करावा. तोवर आईबापांनी हातावर हात ठेवून बसू नये. शंका येताच तपासणीस जावे. बोलण्याचे, खेळण्याचे शिक्षण प्रमाणपत्राआधीही सुरू करता येते.

नाशवंत माल वेळेत पोचावा म्हणून आम्ही आगगाडी सोडली. बालपणाइतका नाशवंत माल दुसरा कोणता आहे?