विश्लेषण : फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकायची आहे? मग आधी पुण्याचा २००८ चा निकाल समजून घ्या

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘दादा, फॉरेन्सिक सायकॉलॉजी करू का?’ सोबत एका ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात. सहा महिने, फी हप्त्यांत, आणि फोटोत भिंगातून मेंदूकडे बघणारा कोटवाला माणूस. ती इथेच नाशिकमध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा इंजिनीअर, बातम्यांच्या डेस्कवर येऊन पडलेला. मला यातलं काय कळणार? पण ‘बघून सांगतो’ म्हटलं आणि वाचायला बसलो. जे वाचलं त्यानंतर तिला ‘हो’ म्हणायचं ठरवलं, मात्र त्या जाहिरातीतल्या कोर्सला नाही.

वेब सीरिज बघून वाटतं की फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट म्हणजे घटनास्थळी जाऊन ‘खुनी डावखुरा आहे आणि त्याचं आईशी पटत नव्हतं’ असं सांगणारा माणूस. भारतात असं काम जवळपास नाहीच. इथे काम आहे ते कोर्टाच्या कागदांत.

कायदा मानसशास्त्राला कुठे विचारतो?

भारतीय न्याय संहितेचं कलम २२ सांगतं की कृत्य करताना मनोविकलतेमुळे त्याचं स्वरूप किंवा ते चुकीचं आहे हे ज्याला कळत नव्हतं, त्याचा तो गुन्हा ठरत नाही. जुन्या भारतीय दंड विधानात हेच कलम ८४ होतं आणि त्याचं मूळ १८४३ च्या इंग्लंडमधल्या मॅक्नॉटन प्रकरणात आहे. दुसरा प्रश्न वेगळा असतो : आरोपी आज, खटला चालू असताना, स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत आहे का? त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६७ पासून स्वतंत्र प्रकरण आहे. हे दोन प्रश्न बातम्यांत सर्रास एकत्र केले जातात. आम्हीही करतो, हे कबूल.

हा फरक किती महाग पडतो याचं महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे रामन राघव. १९६० च्या दशकात मुंबईत रस्त्यावर झोपलेल्या माणसांचे खून करणारा हा माणूस. सत्र न्यायालयात एका बाजूच्या डॉक्टरांनी त्याला मानसिक आजार नाही असं सांगितलं, बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाने जुना स्किझोफ्रेनिया असल्याचं. फाशी झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या पातळीवर तीन मनोविकारतज्ज्ञांच्या पथकाने त्याला तपासलं, आजार बरा न होणारा असल्याचं मत दिलं आणि फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये तो पुण्यात मरण पावला. त्याच माणसावर, त्याच पुराव्यांवर दोन तज्ज्ञ दोन टोकांची मतं देतात आणि मधे एक आयुष्य लटकतं, असं हे क्षेत्र आहे.

अल्पवयीनांचा भाग अलीकडे जास्त चर्चेत आला, तो मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातामुळे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १५ नुसार मंडळाने त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणाम समजण्याची कुवत यांचं प्राथमिक मूल्यांकन करायचं असतं, तेही तीन महिन्यांत. कायद्यात लिहिलं होतं की मंडळ मानसशास्त्रज्ञांची मदत ‘घेऊ शकेल’. जुलै २०२२ मध्ये बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळावर बालमानसशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल, तर ही मदत घ्यावीच लागेल. म्हणजे आपल्या उंटवाडीसारख्या निरीक्षणगृहातल्या मुलाबद्दलही असा प्रश्न आला, तर कुणीतरी प्रशिक्षित माणूस समोर बसायलाच हवा. तो कुठून येणार, याचं उत्तर निकालात नाही.

फाशीच्या खटल्यांतही तसंच. मे २०२२ मधल्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाने खटल्याच्या टप्प्यावरच आरोपीचं मानसिक मूल्यांकन सादर करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्याआधी २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, ज्यात आरोपीचं नाव झाकून ‘अक्यूज्ड एक्स’ एवढंच ठेवलं आहे, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी कमी करण्याचं कारण ठरू शकतो हे न्यायालयाने मान्य केलं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट ३९ए’ने २०२१ मध्ये फाशीच्या ८८ कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साठ टक्क्यांहून अधिक जणांना एखादा तरी मानसिक आजार आढळला. यातल्या किती जणांना खटला चालू असताना कुणी तपासलं असेल?

टोपी, तारा आणि जन्मठेप

आता पुण्याकडे येतो. माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं प्रकरण हेच.

२००७ मध्ये पुण्यात एका तरुणाचा आर्सेनिकच्या विषबाधेने मृत्यू झाला. आरोप त्याच्या आधीच्या वाग्दत्त वधूवर आणि तिच्या नवऱ्यावर आला. तरुणीने चाचणीला संमती दिली आणि मुंबईच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत तिची ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन्स सिग्नेचर’ ऊर्फ बीईओएस चाचणी झाली. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, डोळे मिटलेले, आणि एक आवाज प्रथमपुरुषी वाक्यं वाचतो : मी आर्सेनिक घेतलं, मी त्याला भेटले, अशा धाटणीची. उत्तर द्यायचं नाही, फक्त ऐकायचं. दावा असा की एखादी गोष्ट नुसती माहीत असणं आणि ती स्वतः केलेली असणं यात मेंदूचे विद्युत संकेत वेगळे उमटतात आणि सॉफ्टवेअर तो फरक ओळखतं. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने इतर परिस्थितीजन्य पुराव्यांसोबत या चाचणीचाही आधार घेत दोघांना जन्मठेप दिली. परदेशातल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी ठळक छापली, कारण मेंदूच्या अशा चाचणीवर विसंबून शिक्षा झाल्याचं उदाहरण त्यांना दुसरं दिसत नव्हतं. काही महिन्यांतच उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनेही ब्रेन मॅपिंग पुरावा म्हणून वापरण्याइतकं शास्त्रीय नसल्याचं मत दिलं.

कॉलेजात आम्ही सिग्नल प्रोसेसिंग शिकलो. त्यातला पहिला धडा असा की गोंगाटातून नमुना काढणाऱ्या कुठल्याही यंत्राला विचारायचं : चुकीचा ‘हो’ किती वेळा म्हणतोस? समजा चाचणी शंभरात नव्वद वेळा बरोबर येते. ऐकायला छान वाटतं. आता शंभर संशयितांना बसवा, ज्यात खरा गुन्हेगार एकच आहे. उरलेल्या ९९ निर्दोषांपैकी साधारण दहा जणांवर यंत्र बोट ठेवेल. म्हणजे यंत्राने पकडलेल्या अकरांपैकी दहा निर्दोष! आणि इथे तर ‘नव्वद’ हा आकडाही मी मानून घेतलेला. शिवाय कित्येक दिवस चौकशीत तेच तेच प्रश्न ऐकलेल्या, वर्तमानपत्रांत स्वतःबद्दल वाचलेल्या माणसाच्या डोक्यात ती वाक्यं अनोळखी कशी राहतील? हा प्रश्न विचारायला मानसशास्त्र लागतं, यंत्र नाही.

मालेगावचा धडा

आपल्या जिल्ह्याला हे पुण्यापेक्षा जवळून माहीत आहे. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार, मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली. एटीएसने शहरातल्या आणि बाहेरच्या नऊ जणांना आरोपी केलं आणि आरोपींच्या नार्को चाचण्याही झाल्या. त्या काळात नार्को म्हणजे ‘सत्य बाहेर काढणारं इंजेक्शन’ असंच सगळे लिहीत होते, आमची जमात सगळ्यात पुढे. पुढे तपास एनआयएकडे गेला, संशयाची दिशाच बदलली आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने या सगळ्यांना आरोपमुक्त केलं. तोवर बहुतेकांची पाच वर्षं तुरुंगात गेली होती.

५ मे २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग घटनाबाह्य ठरवलं. संमतीने केलं तरी निष्कर्ष थेट पुरावा होत नाही. जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं. पंधरा वर्षांनी पुन्हा सांगावं लागतं यातच सगळं आलं. मोठा गुन्हा घडला की आजही ‘नार्को करा’ ही मागणी पहिल्या दिवशी होते आणि तिच्यावर क्लिक्सही चांगले मिळतात.

यंत्रापेक्षा फोटोचा अल्बम महत्त्वाचा

मला विचाराल तर या विषयातला खरा उपयोगी भाग साध्या गोष्टींत आहे. साक्षीदाराची आठवण, ओळख परेड, जबाब घेण्याची पद्धत. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये दाखवलं की अपघाताची तीच फिल्म बघितलेल्यांना ‘गाड्या एकमेकांवर आपटल्या’ असं विचारलं, तर ते ‘धडकल्या’ असं विचारलेल्यांपेक्षा जास्त वेग सांगतात. प्रश्नातला एक शब्द आठवण हलवतो.

जून २००३ मध्ये राज्यात एका कुटुंबावर हल्ला झाला, पाच जण मारले गेले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोलिसांच्या अल्बममधून चार गुन्हेगारांचे फोटो ओळखले. त्या चौघांचा तपासच झाला नाही. आरोपी झाले भटक्या समाजातले सहा जण. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली किंवा नव्याने दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने फेरविचारात सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं गेली होती. घटनेनंतर लगेच केलेली पहिली ओळख जास्त वजनाची आणि महिन्यांनंतरची ओळख जास्त धोक्याची, ही फॉरेन्सिक सायकॉलॉजीची बाराखडी आहे. तिला प्रयोगशाळाही लागत नाही.

मग शिकायचं कुठे?

गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत फॉरेन्सिक सायकॉलॉजीची एम.एस्सी. आहे, प्रवेश परीक्षेतून. २०२० च्या कायद्याने हे राष्ट्रीय विद्यापीठ झालं. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, पण तिथला भर एकूण फॉरेन्सिकवर. यातली पकड मात्र अशी की नुसत्या एम.एस्सी.वर तुम्ही ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ची व्याख्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी जोडलेली आहे. आजवर त्याचा रस्ता एम.फिल.मधून जायचा आणि त्या एम.फिल.च्या प्रवेशाला यूजीसीने २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती. दुसरीकडे २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई झाली. त्यामुळे घरबसल्या पदवीच्या जाहिरातीला भुलण्याआधी मान्यता तपासा. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट कोर्टात उलटतपासणीच्या पहिल्या पाच मिनिटांत फाटेल.

आणि नोकऱ्या? गरज कायद्यात आहे, पदं कागदावर कमी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम १७६(३) मुळे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञ घटनास्थळी नेणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होतंय, पण ही भरती रक्त, डीएनए, सायबर यांची आहे. मनाचं खातं यात शेवटी येतं.

नाशिकमध्ये एक गोष्ट मात्र सहज जमण्यासारखी आहे आणि ती कुणी का करत नाही हे मला कळत नाही. त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, जिथे राज्याचे उपनिरीक्षक घडतात. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ. गंगापूरकडे मुक्त विद्यापीठ. नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह. शहरात प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आणि विधी महाविद्यालयं. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं मात्र येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला, म्हणजे निरीक्षणासाठी आरोपीला बाहेरगावीच न्यायचं. एका रिक्षाच्या भाड्याच्या अंतरावरच्या या संस्थांनी मिळून जबाब आणि ओळख परेड यांवर एक छोटा, प्रत्यक्ष हजेरीचा अभ्यासक्रम काढला, तर अल्बममधले चार फोटो बाजूला टाकणारा अधिकारी निदान एकदा तरी थांबेल. इमारत लागणार नाही. एक हॉल आणि शिकवणारी चार माणसं लागतील.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून विचारलं, ‘पण दादा, कोर्टात कुणालाही बसता येतं का?’ पोक्सोसारखे खटले बंद दाराआड चालतात, बाकी बऱ्याच सुनावण्या खुल्या असतात, असं म्हटलं. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात ती येत्या आठवड्यात मैत्रिणीसोबत जाणार आहे. तज्ज्ञ साक्षीदाराची उलटतपासणी सापडली तर पूर्ण ऐक, मधे उठू नकोस, एवढंच सांगितलंय.