रंगासाठी फरशी फोडू नका



दिवाळीआधी घराघरांत रंगकाम निघतं आणि बहुतेक घरांत एकच चूक होते. मीही ती करणार होते, म्हणून आज जरा रागानंच लिहिते आहे.

शेंद्र्यातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत निळसर करडी शहाबादी फरशी आहे, सागवानी दार आहे आणि पश्चिमेला एकच खिडकी. मी मोबाइलवर बघून फिकट गुलाबी रंग ठरवला. दुकानदार म्हणाला, "ताई, या फरशीवर तो मळकट दिसेल. फरशी काढा, पांढरी टाइल घाला." आणि मी चक्क हो म्हणायला निघाले! सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्याच फरशीवर बसून त्यांनी चाळीस वर्षं सामायिक केलं आहे. त्यांनी आपलं आसन उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

पाठशाळेत शिकलेली लेश्यांची गोष्ट आठवली. सहा भुकेले जांभळाच्या झाडाखाली येतात. एकाला झाड मुळासकट तोडायचं असतं, कुणाला खोड, कुणाला फांद्या; शेवटचा खाली पडलेली फळं वेचतो. पहिल्याची कृष्ण लेश्या, शेवटच्याची शुक्ल. दोन डबे गुलाबी रंगासाठी धडधाकट फरशी फोडणारी मी त्यातली कितवी, सांगा बरं!

कुणी म्हणेल, हौस करायचीच नाही का? जरूर करा. पण फरशी, दार आणि खिडकीची दिशा सहजी बदलत नाही, रंग मात्र चार-सहा वर्षांनी बदलतोच. मग जुळवून कुणी घ्यायचं? रंगानं! आपण मात्र आधी रंग ठरवतो आणि खोलीलाच दोष देतो.

शिवाय दुकानातल्या उजेडात कार्ड बघून होकार देऊ नका. फरशीवर कोरा पांढरा कागद ठेवा. ती निळ्याकडे झुकते, हिरव्याकडे की पिवळ्याकडे, लगेच कळेल. मग सर्वांत लहान डबा आणून खिडकीसमोरच्या आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवा. सकाळी बघा, उतरत्या उन्हात बघा, रात्री दिवा लावून बघा. खोक्यावर ६५०० के लिहिलेल्या ट्यूबचा उजेड निळसर पडतो, २७०० के च्या दिव्याचा पिवळसर. माझा गुलाबी रंग संध्याकाळच्या उन्हात भडक झाला आणि ट्यूबखाली राखाडी. एकाच रंगाची इतकी रूपं! अनेकांतवाद आपण प्रवचनात ऐकतो, मग भिंतीपाशी का विसरतो?

शेवटी किंचित पिवळसर पांढरा घेतला. दुकानात त्याला हस्तिदंती म्हणतात, मी साईचा रंग म्हणते. त्याच्याशेजारी सागवान उजळलं, आणि ज्या फरशीला मी जुनाट म्हणत होते, ती आता मुद्दाम निवडून बसवल्यासारखी वाटते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुम्हाला कुणी "आधी हे तोडा, मग रंग खुलेल" म्हणालं, तर रंग बदला, घर नको.

काल सकाळी सासूबाईंचं आसन परत आपल्या जागी आलं.