साखर ‘बॉर्डर’वर आणि दिवस खुर्चीवर

‘साखर बॉर्डरवर आहे,’ असे कळले की शहापूर-मुरबाडकडचा माणूस बहुधा सुटकेचा निःश्वास टाकतो. गोळी लागली नाही, म्हणजे आजार नाही! प्रत्यक्षात उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असणे ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. येथून मागे फिरता येते, म्हणूनच ती दुर्लक्षून चालत नाही.

हे शहरातले दुखणे, हा समजही सोडायला हवा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १३.६ कोटी लोक या अवस्थेत आहेत; खेड्यात आणि शहरात प्रमाण जवळजवळ सारखेच, १५ टक्क्यांच्या आसपास आहे. कारण डोळ्यांसमोर आहे. लावणी-कापणी सोडली तर अनेक घरांतला कमावता माणूस आता शेतात नसतो. तो आसनगावहून लोकल पकडतो, मुरबाड एमआयडीसीच्या गेटवर पहारा देतो, रिक्षा चालवतो किंवा गल्ल्यावर बसतो. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला आहे.

अशा माणसाला ‘रोज पाऊण तास चाला’ हे सांगणे सोपे. पहाटे निघून रात्री परतणाऱ्याने तो पाऊण तास आणायचा कुठून? त्याला आधी सांगायला हवे ते हे, की सलग बसू नका.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायू उचलतात. स्नायू हलले की इन्शुलिनची वाट न पाहताही ते साखर आत घेतात. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साखर वाढू लागलेल्या दहा ज्येष्ठांना प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे चालवले. रात्रीच्या जेवणानंतरची त्यांची साखर, दिवसा एकदाच ४५ मिनिटे चालण्यापेक्षा अधिक आटोक्यात राहिली. आपल्याकडची शतपावली याहून वेगळी काय आहे?

असे प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचे असतात, हेही खरे. तेवढ्याने मधुमेह टळतो, असे सिद्ध झालेले नाही. आहार आणि नियमित व्यायाम यांचा पुरावा अधिक भक्कम आहे. २००६ च्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात त्यांनी धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी केला. म्हणून अधूनमधून उठणे ही व्यायामाची सुरुवात समजावी, त्याची सुट्टी नव्हे. दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे फेऱ्या माराव्यात. गल्ला सोडता येत नसेल तर उभे राहून टाचा वर-खाली कराव्यात. गाडीची वाट फलाटावर चालत पाहावी. इन्शुलिन किंवा गोळ्या सुरू असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

पण सगळे माणसावर ढकलून चालणार नाही. खुर्ची सोडली म्हणून पहारेकऱ्याला बोलणी बसणार असतील, तर सल्ला कागदावरच राहील. कारखानदारांनी आणि दुकानमालकांनी ही दोन मिनिटे कामचुकारपणात मोजू नयेत. उलट, वीटभट्टीवर दिवसभर राबणाऱ्याला फेऱ्यांचा उपदेश नको. त्याला पोटभर सकस अन्न आणि विसावा हवा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात साखर तपासून घ्यावी. तपासणी मोफत आहे. आकडा बॉर्डरवर निघाला, तर त्याच रात्री जेवून उठल्यावर अंगणात पंधरा मिनिटे फिरावे.