अंगठा म्हणजे संमती नव्हे!

कर्जत-खालापूरच्या कातकरी, ठाकर वाड्यांतले पेशंट घेऊन आम्ही दवाखान्यांत जातो. ऑपरेशन ठरलं की कागद पुढे येतो, "इथे अंगठा द्या." ऑपरेशन कसलं, धोका काय, दुसरा उपाय आहे का, हे सांगितलं जात नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "यांना काय कळणार?"

मित्रांनो, हेच वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनीही ऐकलंय. कळण्याचा हक्क कुणाचा, हे जातच ठरवत आली आहे.

कायदा मात्र स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, की उपचाराचं स्वरूप, धोके, पर्याय आणि नकाराचे परिणाम समजावूनच संमती घ्यायची. एका उपचाराचा होकार दुसऱ्याला चालत नाही. अपवाद फक्त जीव किंवा आरोग्य वाचवण्याच्या तातडीचा.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. कॅन्सरची भीती घातली, असं अनेकींनी सांगितलं. घाबरवून मिळवलेला होकार ही संमती कशी?

सरकारी डॉक्टरांवर गर्दीचा ताण आहे, मान्य. पण वेळ वाचवायचा तो नेहमी गरिबाच्याच हक्कातून का?

म्हणून पेशंटसोबत जाल तेव्हा त्याच्या वतीने होकार देऊ नका. त्याच्या बोलीत समजावून घ्या, त्याच्याच तोंडून पुन्हा वदवून घ्या, मगच अंगठा. बाबासाहेबांचं 'एक माणूस, एक मूल्य' ऑपरेशनच्या टेबलावरही लागू आहे.

जय भीम!